मार्सलँ बेर्तलो

प्येर यूजेन मार्सलँ बेर्तलो (जन्म : २५ ऑक्टोबर १८२७, पॅरिस, मृत्यू : १८ मार्च १९०७, पॅरिस) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, रसायनशास्त्राचे इतिहासकार आणि राजकारणी होते. साध्या पदार्थांपासून सेंद्रिय संयुगे प्रयोगशाळेत तयार करता येतात, हे त्यांनी प्रयोगांच्या दीर्घ मालिकेने सिद्ध केले. रासायनिक अभिक्रियांत बाहेर पडणाऱ्या किंवा शोषल्या जाणाऱ्या उष्णतेचे मापन हा त्यांच्या कार्याचा दुसरा मोठा भाग होय. शालेय विज्ञानात ज्या अभिक्रियांना उष्मादायी आणि उष्माग्राही म्हटले जाते, त्यांच्यासाठी युरोपीय भाषांत वापरले जाणारे शब्द बेर्तलो यांनीच प्रचारात आणले. मात्र अभिक्रिया कोणत्या दिशेने जाईल हे तिच्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवरून ठरते, हे त्यांचे आवडते तत्त्व कालांतराने चुकीचे ठरले. मापनातील यश आणि त्यावर उभारलेल्या सिद्धांताचे अपयश या दोन्हींमुळे त्यांचे चरित्र विज्ञानाच्या इतिहासात उद्बोधक मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

बेर्तलो यांचा जन्म पॅरिसच्या मध्यवस्तीत, नगरभवनासमोरील चौकातील एका घरात झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. घरची परिस्थिती बेताची होती. तथापि मुलाच्या शिक्षणात वडिलांनी खंड पडू दिला नाही. आंरी चतुर्थ विद्यालयात त्यांचे शालेय शिक्षण झाले. १८४६ मध्ये देशभरातील विद्यालयांच्या स्पर्धेत त्यांनी तत्त्वज्ञान विषयाचे पारितोषिक मिळवले.

१८४५ मध्ये विद्यार्थिनिवासात त्यांची एर्नेस्त रनाँ यांच्याशी ओळख झाली. धर्मगुरू होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून आलेले रनाँ पुढे इतिहासकार आणि भाषाशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. एकाची वाट प्राचीन भाषांची, तर दुसऱ्याची प्रयोगशाळेची. परंतु ही मैत्री १८९२ मध्ये रनाँ यांचे निधन होईपर्यंत टिकली. दोघांचा पत्रव्यवहार १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाला.

त्या काळी फ्रान्समध्ये विज्ञानात पुढे येऊ इच्छिणारे तरुण बहुधा एखाद्या नामवंत शासकीय उच्चविद्यालयात प्रवेश घेत. बेर्तलो यांनी तो मार्ग स्वीकारला नाही. १८४९ मध्ये विज्ञानाची पदवी घेतल्यानंतर ते रसायनशास्त्रज्ञ पलूझ यांच्या खासगी प्रयोगशाळेत काम करू लागले. १८५१ मध्ये कॉलेज द फ्रान्स या संस्थेत, ब्रोमिनचा शोध लावणारे प्राध्यापक बालार यांचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार अल्प होता, परंतु स्वतःच्या संशोधनाला प्रयोगशाळा उपलब्ध होती.

संश्लेषणाचे कार्य

सजीवांच्या शरीरात आढळणारे पदार्थ तयार होण्यासाठी एखादी खास जीवशक्ती आवश्यक असते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित होती. १८२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केल्यावर या समजुतीला तडा गेला, परंतु ती नाहीशी झाली नाही. रसायनशास्त्रज्ञ वनस्पती व प्राणी यांच्यापासून मिळणाऱ्या पदार्थांचे विश्लेषण करीत. ते मुळापासून घडवणे क्वचितच शक्य होई. बेर्तलो यांनी हे घडवण्याचे काम पद्धतशीरपणे हाती घेतले.

१८५४ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी सादर केलेला प्रबंध ग्लिसरीन आणि स्निग्ध आम्ले यांच्या संयोगाविषयी होता. चरबी व तेले म्हणजे ग्लिसरीन आणि स्निग्ध आम्ले यांची संयुगे होत, हे शव्रल यांनी आधीच दाखवले होते. बेर्तलो यांनी उलट दिशेने जाऊन हे दोन घटक बंद काचनळीत तापवले आणि स्निग्ध पदार्थ पुन्हा तयार केले. ग्लिसरीनचा एक रेणू आम्लाच्या तीन रेणूंशी संयोग पावू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी एथिलीनपासून अल्कोहोल, कार्बन मोनॉक्साइड आणि पोटॅश यांच्यापासून फॉर्मिक आम्लाचा क्षार, तसेच कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड ही वायुरूप द्रव्ये तप्त तांब्यावरून नेऊन मिथेन तयार केला. १८६२ मध्ये त्यांनी कार्बनच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत पाडून तिच्याभोवती हायड्रोजन वायू सोडला आणि ॲसिटिलीन मिळवला. कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांचा हा थेट संयोग होता. पुढे ॲसिटिलीन तापवून त्यांनी बेंझीनही मिळवले. मूलद्रव्यांपासून ॲसिटिलीन आणि त्यापासून बेंझीन, अशी जोडलेली साखळी प्रथमच रसायनशास्त्राच्या हाती आली.

१८५९ मध्ये ते पॅरिसच्या औषधनिर्माण विद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६० मध्ये संश्लेषणाच्या पायावर उभारलेल्या सेंद्रिय रसायनशास्त्राविषयीचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६५ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

साखर आणि किण्वन

१८६० मध्ये बेर्तलो यांनी यीस्टच्या अर्कातून असा पदार्थ वेगळा केला की जो उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या मिश्रणात रूपांतर करतो. या विकराला आज इन्व्हर्टेज म्हणतात. यीस्टची जिवंत पेशी नसतानाही हे रूपांतर घडते, ही बाब महत्त्वाची होती. किण्वन हे सजीव पेशींचेच कार्य आहे असे लुई पाश्चर मानत. बेर्तलो यांचा कल ते पेशींतील रासायनिक द्रव्यांचे कार्य मानण्याकडे होता. क्लोद बेर्नार यांच्या मृत्यूनंतर त्यांची याच विषयावरील टिपणे बेर्तलो यांनी १८७८ मध्ये प्रकाशित केली, तेव्हा पाश्चर आणि बेर्तलो यांच्यात जाहीर वाद झाला. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एदुआर्द बुखनर यांनी पेशीविरहित अर्काने साखरेचे अल्कोहोल करून दाखवले आणि या एका मुद्द्यावर बेर्तलो यांच्या बाजूला बळ मिळाले.

उष्मारसायनशास्त्र

रासायनिक अभिक्रियेतील उष्णता मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लव्हाझ्ये आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात केला. अभिक्रियेच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे ते पाहत. १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील हेस यांनी असा नियम मांडला की अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक टप्प्यांत, एकूण उष्णता तीच राहते. कोपनहेगनचे यूलिउस टॉमसन यांनी १८५४ पासून या विषयात मोठी मापनमालिका सुरू केली. बेर्तलो १८६० च्या दशकाच्या मध्यास या क्षेत्रात उतरले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यात रमले.

त्यांनी सर्व अभिक्रियांची दोन गटांत विभागणी केली. ज्यांत उष्णता बाहेर पडते त्या उष्मादायी आणि ज्यांत उष्णता शोषली जाते त्या उष्माग्राही. हीच विभागणी त्यांनी संयुगांनाही लावली. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मूलद्रव्यांपासून बनताना उष्णता बाहेर पडते; ॲसिटिलीन बनताना मात्र ती शोषली जाते. आजच्या मापनानुसार ॲसिटिलीनच्या एका मोलसाठी सुमारे २२७ किलोज्यूल ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. विजेच्या ठिणगीने बेर्तलो यांनी हीच ऊर्जा पुरवली होती. अशा रीतीने साठवलेली ऊर्जा पुन्हा मोकळी होऊ शकते, म्हणूनच दाबाखालील ॲसिटिलीन स्फोटक असतो.

मापनाच्या साधनांतही त्यांनी मोलाची भर घातली. १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बाँब कॅलरीमापी हे उपकरण तयार केले. आतून प्लॅटिनमचे अस्तर असलेल्या जाड पोलादी भांड्यात पदार्थाचा थोडा नमुना ठेवायचा, त्यात मोठ्या दाबाने ऑक्सिजन भरायचा, भांडे पाण्यात बुडवून विजेच्या तारेने नमुना पेटवायचा आणि पाण्याचे तापमान किती वाढले ते नोंदवायचे, अशी ही पद्धत होती. ज्वलन क्षणात आणि संपूर्ण होत असल्यामुळे उष्णतेचा फारसा अपव्यय होत नसे. प्लॅटिनम महाग असल्याने पुढे माहलर यांनी मुलाम्याचे अस्तर वापरून हे उपकरण स्वस्त केले. दगडी कोळशाचे उष्मांक असोत किंवा खाद्यपदार्थांतील ऊर्जेचे आकडे असोत, त्यांच्यामागे या उपकरणाची परंपरा आहे.

१८७९ मध्ये बेर्तलो यांचा उष्मारसायनशास्त्रावर आधारलेल्या रासायनिक यामिकीविषयीचा द्विखंडी ग्रंथ आणि १८९७ मध्ये उष्मारसायनशास्त्रातील आकडेवारी व नियम यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

महत्तम कार्याचे तत्त्व

बेर्तलो यांना केवळ उष्णता मोजायची नव्हती. कोणती अभिक्रिया घडेल आणि कोणती घडणार नाही, हे आधीच सांगता यावे, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती. बाहेरून ऊर्जा न मिळता होणारा प्रत्येक रासायनिक बदल ज्या पदार्थांच्या निर्मितीत सर्वाधिक उष्णता बाहेर पडते त्या पदार्थांकडे झुकतो, असे तत्त्व त्यांनी मांडले. ते महत्तम कार्याचे तत्त्व या नावाने ओळखले जाते. टॉमसन यांनी तत्सम विचार १८५४ मध्येच मांडला असल्याने दोघांत अग्रहक्काचा वाद उद्भवला. १८८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले डेव्ही पदक या दोघांना विभागून दिले.

हे तत्त्व आकर्षक होते, कारण बहुसंख्य परिचित अभिक्रियांना ते लागू पडे. आम्ल व आम्लारी यांचे उदासिनीकरण, धातूंचे ज्वलन, चुनकळीचे विरणे या सर्वांत उष्णता बाहेर पडते. अडचण होती ती आपोआप घडणाऱ्या उष्माग्राही बदलांची. नवसागर किंवा सोरा पाण्यात आपोआप विरघळतो आणि पाणी गार होते. बेर्तलो यांचे यावर असे म्हणणे होते की विरघळणे, वायुरूप होणे किंवा विघटन यांतील शोषण हा भौतिक बदलाचा भाग असून तो बाजूला काढल्यास रासायनिक भाग उष्मादायीच उरतो. प्रत्येक अपवादासाठी अशी सोडवणूक काढावी लागल्याने तत्त्वाचे बळ क्षीण होत गेले.

सर्वांत मोठा आक्षेप त्यांच्याच पूर्वीच्या संशोधनात दडलेला होता. १८६२-६३ मध्ये पेआँ द सँ-जील यांच्यासह त्यांनी ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या अभिक्रियेचा अभ्यास केला होता. दोन्ही पदार्थ समान मोल प्रमाणात घेतल्यास अभिक्रिया पूर्ण होत नाही. सुमारे दोन तृतीयांश भागाचे एस्टर बनते आणि ती थांबल्यासारखी दिसते. उलट बाजूने, एस्टर आणि पाणी घेऊन सुरुवात केली तरी मिश्रण त्याच प्रमाणावर येऊन ठेपते. नॉर्वेचे गुल्डबर्ग आणि वाग यांनी १८६४ मध्ये वस्तुमान क्रियेचा नियम मांडताना या निरीक्षणांचा आधार घेतला. आता एका दिशेने जाताना उष्णता बाहेर पडत असेल, तर उलट दिशेने जाताना ती शोषली गेलीच पाहिजे. दोन्ही दिशांनी अभिक्रिया आपोआप होत असेल, तर केवळ उष्णता दिशा ठरवू शकत नाही. आपल्याच प्रयोगातील हा निष्कर्ष बेर्तलो यांनी दीर्घकाळ स्वीकारला नाही.

दरम्यान अमेरिकेत गिब्ज यांनी आणि १८८२ मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्स यांनी मुक्त ऊर्जेची संकल्पना मांडली होती. अभिक्रियेची दिशा उष्णता आणि एंट्रॉपी या दोहोंच्या एकत्रित परिणामावरून ठरते. एंट्रॉपी म्हणजे, ढोबळमानाने, कण व ऊर्जा विखुरल्या जाण्याचे माप. नवसागराचे कण स्फटिकातील शिस्तबद्ध रचना सोडून पाण्यात विखुरतात. या विखुरण्याचा वाटा शोषल्या जाणाऱ्या उष्णतेच्या वाट्याहून मोठा ठरतो, म्हणून उष्णता शोषली जाऊनही क्षार विरघळतो. १८९० च्या दशकात बेर्तलो यांनी आपल्या तत्त्वाची एंट्रॉपीच्या संकल्पनेशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. १९०६ मध्ये नेर्न्स्ट यांनी मांडलेल्या सिद्धांतातून असे दिसून आले की केवल शून्याच्या जवळपास, जेथे एंट्रॉपीचा प्रभाव उरत नाही, तेथे बेर्तलो यांचे तत्त्व बरोबर ठरते. नेहमीच्या तापमानाला बऱ्याच घन पदार्थांच्या अभिक्रियांत ते जवळपास जुळत असे, त्याचेही कारण यातून उलगडले.

या वादाची किंमत एका तरुण शास्त्रज्ञाला मोजावी लागली. प्येर द्युएम यांनी १८८४ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात महत्तम कार्याच्या तत्त्वावर टीका करून मुक्त ऊर्जेवर आधारित मांडणी केली होती. तो प्रबंध नाकारला गेला. द्युएम यांनी तो १८८६ मध्ये ग्रंथरूपाने छापला आणि डॉक्टरेट दुसऱ्या विषयावरील प्रबंधाने मिळवली. त्यांची पुढील कारकीर्द लील, रेन आणि बोर्दो येथे गेली. पॅरिसमध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. यामागे बेर्तलो यांचा शैक्षणिक वर्तुळातील प्रभाव हे एक कारण होते, असे विज्ञानाचे अनेक इतिहासकार मानतात.

शालेय प्रयोगशाळेतील संदर्भ

बेर्तलो यांनी केलेली उष्मादायी-उष्माग्राही ही विभागणी महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या विज्ञान विषयात शिकवली जाते. ती ओळखण्यासाठी बाँब कॅलरीमापीची गरज नसते. प्लॅस्टिकचे दोन पेले, तापमापी, तराजू आणि काचकांडी एवढे साहित्य पुरते.

दोन्ही पेल्यांत प्रत्येकी १०० मिलिलीटर पाणी घेऊन त्याचे तापमान नोंदवावे. एकात ५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड व दुसऱ्यात ५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट (सोरा) टाकून काचकांडीने ढवळावे. सोडियम हायड्रॉक्साइड विरघळताना प्रत्येक मोलमागे सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. त्यामुळे गणिताने पाण्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसने वाढायला हवे. पोटॅशियम नायट्रेट विरघळताना प्रत्येक मोलमागे सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तापमान सुमारे ४ अंशांनी उतरायला हवे. प्रत्यक्षात दोन्ही फरक थोडे कमी दिसतात, कारण पेला आणि हवा यांच्याशी उष्णतेची देवघेव होते. धातूच्या पेल्याऐवजी थर्माकोलचा झाकणबंद पेला वापरल्यास ही त्रुटी कमी होते. सोडियम हायड्रॉक्साइड दाहक असल्याने त्याला हात लावू नये आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

या प्रयोगात काही गैरसमज हमखास आढळतात. तापमान वाढले म्हणजे अभिक्रियेने उष्णता घेतली, असे काही विद्यार्थी लिहितात. वस्तुतः तापमापी पाण्याचे तापमान दाखवते. पाणी तापले याचा अर्थ उष्णता त्याला मिळाली आणि ती अभिक्रियेने दिली. दुसरा गैरसमज तापवण्याविषयी असतो. मॅग्नेशियमची फीत पेटवण्यासाठी ती ज्योतीत धरावी लागते, म्हणून ती अभिक्रिया उष्माग्राही ठरत नाही. ज्योत दूर केल्यावरही फीत जळत राहते, हेच ती उष्मादायी असल्याचे लक्षण होय. चुनखडीपासून चुनकळी करताना मात्र भट्टी सतत पेटती ठेवावी लागते. उष्णता थांबली की विघटन थांबते. ती अभिक्रिया उष्माग्राही आहे. तिसरा गैरसमज खुद्द बेर्तलो यांच्या तत्त्वासारखाच आहे. आपोआप होते ती उष्मादायी, असे अनेकांना वाटते. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकला की कोणीही न तापवता मिश्रण फसफसते आणि तापमापीतील पारा मात्र खाली उतरतो. या एका निरीक्षणाने हा गैरसमज दूर होतो.

या अभिक्रियांचे व्यवहारातील रूप ऊसपट्ट्यात सहज पाहायला मिळते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील प्रवरानगर येथे जसा सहकारी साखर कारखाना आहे, तशा कारखान्यांत उसाचा रस शुद्ध करण्यासाठी चुन्याचे दूध वापरतात. चुनकळीवर पाणी टाकून चुना विरवला असता प्रत्येक मोलमागे सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि वाफा निघतात. मळीपासून अल्कोहोल तयार करताना होणारे किण्वनही उष्मादायी असल्याने टाक्या थंड ठेवाव्या लागतात; तापमान फार वाढल्यास यीस्ट मरते. मळीतील उसाच्या साखरेचे आधी ग्लुकोज व फ्रुक्टोज करणारे यीस्टमधील विकर म्हणजे बेर्तलो यांनी १८६० मध्ये वेगळे केलेले इन्व्हर्टेज होय.

स्फोटके आणि युद्धकाळ

१८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा शहराच्या संरक्षणासाठी नेमलेल्या वैज्ञानिक समितीचे अध्यक्षपद बेर्तलो यांच्याकडे आले. शहरात उपलब्ध असलेल्या सामग्रीतून सोरा, बंदुकीची दारू आणि डायनामाइट तयार करण्याच्या कामात त्यांनी लक्ष घातले. या निकडीतून त्यांचे स्फोटकांविषयीचे संशोधन सुरू झाले. १८७८ मध्ये शासनाच्या स्फोटकविषयक समितीचे ते अध्यक्ष झाले. पॉल व्येय यांच्या सहकार्याने त्यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी विस्फोट-तरंगाचा अभ्यास केला. स्फोटक वायुमिश्रणात ज्वाला साधी पसरत नाही. एका टप्प्यानंतर ती ध्वनीहून अधिक वेगाने धावते आणि हा वेग त्या मिश्रणापुरता निश्चित असतो, असे त्यांना आढळले. व्येय यांनी पुढे धूररहित दारूचा शोध लावला.

वनस्पतींचे रसायनशास्त्र

१८८३ मध्ये पॅरिसजवळील मदाँ येथे बेर्तलो यांच्या देखरेखीखाली वनस्पती रसायनशास्त्राचे केंद्र स्थापन झाले. हवेतील नायट्रोजन मातीत कसा स्थिर होतो, हा तेथील मुख्य प्रश्न होता. १८८५ मध्ये त्यांनी दाखवले की काही मातींत नायट्रोजनचे प्रमाण आपोआप वाढते, परंतु तीच माती तापवून निर्जंतुक केल्यास ही वाढ थांबते. यावरून या कार्यामागे मातीतील सूक्ष्मजीव आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानंतर लवकरच जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींचे कार्य स्पष्ट केले.

१८९४ मध्ये एका भोजनप्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी इ.स. २००० मधील जगाचे चित्र रंगवले. त्या काळी अन्न कारखान्यांत रासायनिक पद्धतीने तयार होईल आणि शेतीची गरज उरणार नाही, असे भाकीत त्यांनी केले. ते खरे ठरले नाही. आजही अन्नासाठी मानवजात हिरव्या पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रकाशसंश्लेषण या उष्माग्राही अभिक्रियेवरच अवलंबून आहे.

अणुसिद्धांताला विरोध

बेर्तलो प्रत्यक्ष मोजता येईल तेवढ्यावरच विश्वास ठेवत. अणू कोणी पाहिलेला नसल्याने ती केवळ कल्पना आहे, अशी त्यांची भूमिका होती. १८७७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीत या प्रश्नावर झालेल्या वादात व्युर्त्झ यांनी अणुसिद्धांताचा कैवार घेतला, तर बेर्तलो आणि सँत-क्लेर द्वील यांनी त्याला विरोध केला. १८७६ पासून बेर्तलो उच्च शिक्षणाचे महानिरीक्षक असल्यामुळे त्यांच्या मताला अधिकाराचे वजन होते. जर्मनी आणि इंग्लंडमध्ये अणुभारांवर आधारित सूत्रे रूढ झाल्यानंतरही फ्रान्समधील अध्यापनात जुनी तुल्यभार पद्धती बराच काळ टिकून राहिली. १८९० च्या दशकात बेर्तलो यांनी स्वतः अणुभारांची पद्धती स्वीकारली.

रसायनशास्त्राचा इतिहास आणि भारताशी संबंध

१८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्‌घाटनानिमित्त बेर्तलो इजिप्तला गेले. प्राचीन किमयाशास्त्राविषयीची त्यांची जिज्ञासा पुढे वाढत गेली. १८८५ मध्ये किमयेच्या उगमाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर रुएल यांच्या सहकार्याने त्यांनी प्राचीन ग्रीक किमयागारांची हस्तलिखिते भाषांतरासह संपादित केली, तर १८९३ मध्ये मध्ययुगीन रसायनशास्त्रावरील तीन खंड प्रकाशित केले. सिरियाक आणि अरबी ग्रंथही त्यांनी जाणकारांच्या साहाय्याने अभ्यासकांना उपलब्ध करून दिले. लव्हाझ्ये यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये निघाला.

भारतीय रसविद्येविषयी युरोपात त्या वेळी फारच थोडी माहिती होती. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक प्रफुल्लचंद्र राय यांनी बेर्तलो यांचे ग्रंथ वाचून त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि रसविद्येवरील एका संस्कृत ग्रंथाची माहिती त्यांना कळवली. बेर्तलो यांनी तिची दखल घेतली आणि अधिक विस्तृत लेखन करण्यास राय यांना प्रोत्साहन दिले. त्यातून राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. बेर्तलो यांनी एका फ्रेंच विद्वत्पत्रिकेत त्याचे सविस्तर परीक्षण लिहिले. १९०४ मध्ये राय युरोपच्या दौऱ्यावर गेले, त्या दौऱ्यात पॅरिस येथे दोघांची भेट झाली.

सार्वजनिक जीवन

१८८१ मध्ये बेर्तलो फ्रेंच सिनेटचे आजीव सदस्य झाले. ते प्रजासत्ताकवादी आणि धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे समर्थक होते. डिसेंबर १८८६ ते मे १८८७ या काळात ते शिक्षणमंत्री, तर नोव्हेंबर १८९५ ते मार्च १८९६ या काळात परराष्ट्रमंत्री होते. जानेवारी १८९६ मध्ये सयामविषयी फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात समझोता झाला, तो त्यांच्याच कार्यकाळात. राजकारणातील त्यांची कामगिरी मात्र विज्ञानाइतकी ठसा उमटवणारी ठरली नाही.

१८७३ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य आणि १८८९ मध्ये पाश्चर यांच्या जागी तिचे स्थायी सचिव झाले. १९०० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. त्याच सुमारास साहित्य आणि भाषा यांच्यासाठी असलेल्या फ्रेंच अकादमीवरही त्यांची निवड झाली. नोव्हेंबर १९०१ मध्ये त्यांच्या वैज्ञानिक कार्याचा सुवर्णमहोत्सव पॅरिस येथे राष्ट्रीय समारंभाच्या स्वरूपात साजरा झाला.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू

१८६१ मध्ये बेर्तलो यांचा विवाह सोफी निओदे यांच्याशी झाला. सोफी प्रसिद्ध घड्याळकार व उपकरणनिर्माते ब्रेगे यांच्या नात्यातील होत्या. या दांपत्याला सहा अपत्ये झाली. पतीच्या अविरत कामाभोवती घराची घडी सोफी यांनी बसवली होती. १८ मार्च १९०७ रोजी दीर्घ आजाराने सोफी यांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच वेळात बेर्तलो यांचाही हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला.

राष्ट्रपुरुषांच्या समाधी असलेल्या पाँतेआँ या वास्तूत त्यांचे दफन करण्याचा निर्णय शासनाने घेतला. पतिपत्नींची ताटातूट करू नये अशी कुटुंबाची इच्छा असल्याने दोघांनाही तेथे एकत्र विसावा मिळाला. पाँतेआँमध्ये स्थान मिळालेल्या सोफी बेर्तलो या पहिल्या महिला होत. स्वतःच्या कर्तृत्वासाठी हा मान मिळालेल्या पहिल्या महिला मारी क्यूरी असून त्यांचे अवशेष तेथे १९९५ मध्ये नेण्यात आले.

मूल्यमापन

बेर्तलो यांच्या नावावर सुमारे १,६०० शोधनिबंध आणि लेख आहेत. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने उभारलेल्या निधीतून पॅरिस येथे रसायनशास्त्र भवन उभे राहिले. संश्लेषण, बाँब कॅलरीमापी, एस्टरविषयक समतोलाचे निरीक्षण आणि मातीतील सूक्ष्मजीवांचे कार्य ही त्यांची टिकाऊ देणगी होय. महत्तम कार्याचे तत्त्व आणि अणूंचा नकार या त्यांच्या चुका ठरल्या. त्या त्यांच्या अधिकारपदामुळे अधिक काळ टिकल्या आणि इतरांना जाचक झाल्या.

तथापि उष्मादायी आणि उष्माग्राही ही विभागणी तत्त्वाबरोबर बाद झाली नाही. ती प्रत्यक्ष मापनावर उभी होती. अभिक्रियेत उष्णता बाहेर पडली की शोषली गेली, हे तापमापी निश्चित सांगते. अभिक्रिया का घडली, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. हा भेद बेर्तलो यांच्या हयातीत रसायनशास्त्राला कष्टाने उमगला. आज सोरा विरघळताना गार होणाऱ्या पेल्यात तो माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही पडताळून पाहता येतो.